दिसाला दिस

पावसाळ्यात आमच्या वाडीत कर्त्या वयाचा एकच पुरुष असायचा, आणि त्याला एकच पाय होता. बाकीचे सगळे मुंबईला. कुणी गोदीत, कुणी हॉटेलात, कुणी कुणाच्या गाडीवर. माझे बाबा एका छापखान्यात. वाडीत बाया होत्या, म्हातारे होते, आम्ही पोरं होतो आणि काका होता.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. फौजेत होता. कारगिलची लढाई संपली, पोलादपूरच्या नाक्यावर फटाके वाजून गेले, आणि त्यानंतर पेरलेले सुरुंग काढायच्या कामात त्याचा डावा पाय गुडघ्याच्या खाली गेला. म्हणजे युद्धात नाही, युद्ध संपल्यावर. तो घरी आला तेव्हा मी दुसरीत होते. त्यानंतरची चार-पाच वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची वर्षं आहेत.

हे ठामपणे सांगावं लागतं. आंबेनळी घाटाच्या पायथ्याची वाडी, पायवाट, रॉकेलची चिमणी, शहरात राहणारे बाप, एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा कनवाळू होतो. मला त्या चेहऱ्याचा राग येतो. आम्हाला कुणाच्या कनवाळूपणाची गरज नव्हती. आम्हाला ओहोळ होता, करवंदीच्या जाळ्या होत्या, भाताच्या खाचरातले खेकडे होते. दासगावाकडून सुकी मासळी घेऊन येणारी मावशी होती, तिच्या पाटीत आमच्यासाठी वेगळी मूठभर सुकट असायची. आणि दिवसभर घरात असणारा एक मोठा माणूस होता. आसपासच्या वाड्यांतल्या कुठल्या पोरांकडे ही चैन होती? त्यांचे बाप शिमग्याला, लावणीला नि गणपतीला दिसायचे, बिस्किटाचे पुडे द्यायचे आणि जायचे.

माझे बाबाही तसेच यायचे, पण बिस्किटांबरोबर कागद आणायचे. छापखान्यात चुकलेले, शाई फासलेले, जादा छापले गेलेले कागद त्यांना फुकट मिळत. बहुतेक पत्रकं असत. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी. त्या पाठकोऱ्या कागदांवर मी आणि माझा चुलतभाऊ, म्हणजे काकाचा मुलगा, गणितं सोडवायचो. पलटलं की ‘जाहीर निषेध’. पलटलं की ‘आमच्या प्रमुख मागण्या’. अक्षरं मी शाळेत शिकले, पण सलग वाचायला शिकले ती पत्रकांवर. भिंतीच्या भेगा बुजवायला आईने तीच चिकटवली होती, त्यामुळे जेवताना समोर ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा’ असायचं आणि आम्ही पेंगत जेवायचो.

एकदा आम्ही काकीवर मोर्चा नेला होता. शेंगदाणे आणि गूळ मिळालाच पाहिजे. चुलतभाऊ पुढे, मी घोषणा देत मागे, माझा धाकटा भाऊ उघडा-नागडा सगळ्यांत शेवटी. काकी अंगण सारवत होती. तिने मान वर न करता सांगितलं, “मोर्चा मागल्या दारी न्या. हितं ओलं हाय. पाय उमटला तर पोलीस बोलवीन.”

“पोलीस कोण?” चुलतभावाने विचारलं.

“माझा हात,” काकी म्हणाली.

मागल्या दारी काका बसलेला असायचा. त्याने आमच्या मागण्या ऐकून घेतल्या, अर्ध्या फेटाळल्या आणि गूळ मंजूर केला.

काकाला आम्ही लढाईतलं सांग म्हणून छळायचो. तो लढाईचं काही सांगायचा नाही, खाण्याचं सांगायचा. तिथे अंडं दगडावर आपटलं तरी फुटायचं नाही, इतकं गोठलेलं असायचं. डब्यातलं अननस मिळायचं, ते चाकूने खरवडून खायचं. त्याचा लाकूड-रबराचा पाय आम्हाला हात लावायला मिळायचा. त्याला बूट घातलेला असे आणि तो बूट काका रोज पॉलिश करायचा. खऱ्या पायात मात्र स्लिपर. ओहोळाच्या डोहात त्याने आम्हाला पोहायला शिकवलं. पाय काढून खडकावर ठेवायचा, एका पायावर उडी मारून पाण्यात जायचा, आणि मग त्याच्याइतकं चपळ वाडीत कुणीच नसायचं. जमिनीवर तो काठी टेकत, वाट बघत बघत चालायचा. पाण्यात आम्ही त्याला पकडू शकत नव्हतो.

वाडी त्याला फार मानायची. पूर्वी तो नुसत्या नावाने हाक मारला जाणारा पोरगा होता. परत आला तो ‘फौजीसाहेब’ होऊन. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा त्याच्या हातून. पूजेला, बारशाला, बैठकीला तो आला की खुर्ची. वाडीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यातली एक धावत आणली जायची. तो “राहू द्या, जमिनीवर बसतो” म्हणाला तर लोकांना वाईट वाटायचं. एसटीत बसायला जागा, दुकानात पहिला नंबर. आम्हा पोरांना त्याचा अभिमान वाटायचा. काकाला काय वाटतं, हे मला लावणीच्या दिवसांत कळलं.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीवर चालते. म्हणजे आज सगळे तुमच्या शेतात, उद्या सगळे माझ्या शेतात. मजुरी नाही. दिवसाला दिवस. माझी आई तुमच्याकडे एक दिवस रोप लावायला वाकली, तर तुमच्या घरातलं कुणीतरी एक दिवस आमच्याकडे वाकलं पाहिजे. ज्याच्याकडे बैल त्याने नांगर धरायचा, त्याच्या बदल्यात दुसऱ्याच्या बायांनी त्याचं खाचर लावायचं. मुंबईवाले त्यासाठी रजा काढून येतात, चिखलात उतरतात, अंग मोडून घेतात आणि परत जातात. या सगळ्यात कुणी कुणाचं उपकारी नसतं. उलट, कुणाचा दिवस कुणाकडे अडकलाय यावरून बायांमध्ये अशी काही जुंपते की ऐकत राहावं.

काका आल्यापासून त्याच्या घरचा दिवस कुणी मागत नव्हतं. काकी सावडीला निघाली की लोक म्हणायचे, तुमी कशाला येताय, साहेबांचं बघा. नांगराच्या कामाला तर प्रश्नच नव्हता. त्याचं खाचर सगळे मिळून लावून द्यायचे आणि परतफेड घ्यायचे नाहीत.

पहिल्या वर्षी काकाने स्वतः नांगर धरून बघितला होता. कुणी बघू नये म्हणून सकाळी लवकर गेला, आम्हाला बरोबर घेऊन. चार पावलांत तो पाय चिखलात रुतला, बैल पुढे गेले आणि काका बैलांबरोबर गेला. पाय तिथेच राहिला. आम्ही तिघं पोरं कोपरापर्यंत हात घालून तो शोधत होतो आणि काका बांधावर बसून सूचना देत होता, “जरा उजवीकडे. अरे, बोटं लागली काय हाताला?” त्याच्या त्या लाकडी पायाला बोटं नव्हतीच, हे लक्षात आल्यावर आम्ही इतके हसलो की बैलसुद्धा थांबून बघायला लागले. पाय मिळाला, बूट कायमचा गेला. गंमत वाडीभर झाली, पण तिचा निकाल मात्र असा लागला की साहेबांना शेतात उतरू द्यायचं नाही.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मुंबईच्या एका गाववाल्याने निरोप आणला. एका मोठ्या कंपनीच्या गेटवर माजी सैनिक हवाय. बसून काम, राहायला खोली. दोन दिवस गेले. मग जेवताना आईला म्हणाला, “वहिनी, यंदाची लावणी बघतो. कुणी सावडीत घेतलं तर हितंच. नायतर दिवाळी झाली की बिऱ्हाड हलवायचं.”

आई म्हणाली, “भावजी, पेन्शन हाय, शेत हाय. लोक जीव लावतात. अजून काय पायजे?”

काकाने भिंतीकडे बोट केलं. “दादाच्या कागदांत काय लिवलंय? लोक काम मागायला मोर्चे काढतात. मग मी काय वेगळं मागतोय?”

आईने त्याच्या पानात भात वाढला. मी मात्र जेवायची थांबले. बिऱ्हाड हलवायचं म्हणजे काकी जाणार, चुलतभाऊ जाणार, डोह रिकामा होणार. त्या दिवसापासून आम्हा पोरांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. काकाला सावडीत कुणी बोलावतं का?

मृगाच्या आधी देवळात गावकीची बैठक बसली. वाडीचा कारभार तात्या बघायचा. म्हणजे आमच्या वरच्या घरातला साठी उलटलेला माणूस, बारीक, काटक, घसा कायम बसलेला. वाडीत नांगराच्या दोन बैलजोड्या होत्या, त्यातली एक त्याची. पोरं देवळाच्या पायऱ्यांवर बसून ऐकत होती. तात्याने उभं राहून सांगितलं की यंदा वाडीने ठरवलंय, लावणीचा पहिला मान फौजीसाहेबांचा. मुंबईची माणसं रजेवर असतील तेव्हा सगळ्यांनी मिळून आधी साहेबांचं खाचर लावायचं, मग बाकीची.

लोकांनी माना डोलावल्या. काका खुर्चीतून म्हणाला, “तात्या, माझं खाचर सगळ्यांत खाली हाय. पाणी वरनं येतं.”

“पाण्याचं आमी बघतो, साहेब. तुमी काळजी करू नका.”

“काळजी नाय करत. वरनं लावत या. माझं शेवटी धरा.”

तेव्हा रजेवर आलेला एक जण म्हणाला, “शेवटी कसं धरणार? देवाला निवद पहिला दाखवतात.”

“देवाला भात लावायचा नसतो,” काका म्हणाला.

सगळे हसले. विनोद झाला असं समजून हसले.

त्याचं म्हणणं काय होतं ते पायरीवर बसलेल्या आम्हा पोरांनाही कळत होतं. आमची खाचरं डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी आहेत. सर्वांत वर तात्याचं, मग आमची, मग इतरांची, आणि तळाला, ओहोळाच्या कडेला, काकाचं. लावणी वरून खाली येते. वरचं खाचर नांगरताना त्याचं जादा पाणी, गाळासकट, खाली सोडावं लागतं. ते खालच्या रिकाम्या खाचरांनी अंगावर घ्यायचं असतं. खालचं आधी लावून ठेवलं, तर ताज्या रोपाच्या डोक्यावर वरचा सगळा चिखल. हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. पण फौजीचं शेत शेवटी लावायचं, असं म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. देशासाठी पाय दिलेल्या माणसाला शेवटचा नंबर? मानापुढे पाण्याची अक्कल हरली. अशी चूक न शिकलेला माणूस करत नाही. सगळं ठाऊक असलेली अख्खी वाडीच करू शकते.

तो लावणीचा दिवस मात्र फार सुंदर होता. हे लपवण्यात अर्थ नाही. सगळी वाडी एका खाचरात. बायांच्या पाठीवर इरली, कुणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी. रोपाच्या मुठी बांधावरून भिरभिरत चिखलात पडत होत्या. तात्याची मोठी बहीण, तिला सगळी वाडी आत्या म्हणायची, गाण्याची ओळ उचलायची आणि बाकीच्या झेलायच्या. नांगर फिरून झाला की चिखल सपाट करायला बैलांमागे एक जाड, लांब फळी बांधतात आणि हाकणारा तिच्यावर उभा राहतो. फळीला वजन लागतं, म्हणून पोरांना वर घेतात. पावसाळाभर आम्ही या एका गोष्टीची वाट बघायचो. खाली गुळगुळीत चिखल, पुढे बैलांचे पाय, तोंडावर उडणारं गार गढूळ पाणी, आणि वळणावर कुणीतरी हमखास पडणार. मुंबईहून आलेला एक तरुण फळी हाकत होता, आम्ही तिघं त्याच्या कमरेला धरून किंचाळत होतो.

काका बांधावर खुर्चीत होता. चुलतभावाला त्याच्यावर छत्री धरायला बसवलं होतं, पण तो फळी बघून पळून आला, तेव्हा छत्री काकानेच धरली. एका मुंबईवाल्याकडे कॅमेरा होता. त्याने काकाचा फोटो काढला, मागे हिरवंगार खाचर. दुपारी काकीने सगळ्यांना काळ्या वाटाण्याची आमटी नि भात वाढला. निघताना ती प्रत्येकीला विचारत होती, “तुमच्याकडे कधी? आमचा दिस कधी घेताय?”

“वा गो, तुझ्याकडून दिस घेऊ?” बाया म्हणत होत्या. “पाप लागंल.”

काकीने रिकामी टोपली उचलली आणि ती घराकडे चालायला लागली.

रजा संपून मुंबईवाले गेले. पाऊस मात्र हटेना. खालून सुरुवात झाल्यामुळे वरची दोन खाचरं अजून व्हायची होती, त्यात तात्याचं सगळ्यांत मोठं. तात्याने नांगर घातला त्या दिवशी वरून ओढा भरून आला. खाचर तुडुंब झालं. तो बांधाचं तोंड हळूहळू उघडायला गेला आणि बांधच बसला. आम्ही शाळेतून येत होतो. पायवाटेवरून दिसलं, लालसर पाण्याची एक चादर एकेक पायरी उतरत खाली येतेय. मधल्या लावलेल्या खाचरांची तोंडं मोकळी होती, पाणी त्यांच्यावरून ओसंडून सगळा गाळ घेऊन पुढे गेलं. तळाच्या हिरव्या तुकड्यात ते पाणी शिरलं आणि हिरवं नाहीसं झालं.

आम्ही दप्तरं टाकून ओहोळाकडे धावलो. रोपं वाहत येत होती. आम्ही दगडांवर उभे राहून हाताला लागतील तेवढी पकडत होतो. चुलतभाऊ रडत होता आणि पकडत होता. त्याला शेताचं दुःख नव्हतं. “आता आमी मुंबईला जाणार,” एवढंच तो म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा थांबल्यावर काका काठी टेकत खाली आला. खाचरात गाळ बसला होता, एका कडेला रोपांची शेंडकी दिसत होती. तात्या आधीच येऊन उभा होता. आत्या होती, आई, काकी, आणखी चारदोन बाया. तात्याने टोपी काढली.

“साहेब, चूक झाली. माझा बांध. आमी परत लावून देतो. घराघरात रोप उरलंय, सगळं गोळा करतो. तुमी घरी बसा, कायपण करू नका.”

काका बांधावर बसला. काठीने त्याने गाळ ढवळून बघितला. मग म्हणाला, “तात्या, मी फौजेत गेलो त्याच्या आदल्या वर्साला तुझ्या खाचरात बैल मोकळे सोडले म्हणून तू मला वेताने फोडला व्हतास. आठवतंय?”

“आता ते कशाला, साहेब?”

“तेव्हा मी तुझा कोण व्हतो?”

“कोण म्हंजे... पोरगाच आमचा.”

“आणि आता?”

तात्या टोपी हातात फिरवत राहिला. काका म्हणाला, “मी बैठकीत सांगितलं, पाणी वरनं येतं. वाडीतला दुसरा कुणी बोलला असता तर तू ऐकलं असतंस. निदान भांडला असतास. मला तू हसून सोडलंस. परत फुकट लावून देणार असाल तर नको. हे असंच पडू दे, मी जातो मुंबईला. लावायचं असंल तर सावड धरा. दिसाला दिस.”

“आणि तुमी दिस फेडणार कसा?” तात्या म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नका, पण त्या चिखलात...”

इथे आत्या मध्ये पडली. तिचं भावाशी बोलणं कायम भांडणाचंच असायचं. “अरे मुडद्या, मुंबईची माणसं गेली. दोन जोड्या, आणि नांगऱ्या तू एकटा. नांगर तू धरशील, फळी कोण हाकंल? मी?”

“तू हाकशील पण,” तात्या म्हणाला, “बैल पळून जातील तुझ्या तोंडाला भिऊन.”

बाया फिसकन हसल्या. काका हसला नाही. तो खाचरात वरून वाहून येऊन पडलेल्या फळीकडे बघत होता. मग त्याने पट्टे सोडून पाय काढला, बांधावर ठेवला आणि काकीला म्हणाला, “गोणपाट आण.”

त्याला गुडघा होता. हे आम्ही सगळे विसरलो होतो. पाय नाही, पाय नाही, असं तीन वर्षं म्हणताना गुडघा कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. उभं राहून फळी हाकतात म्हणून ती उभं राहूनच हाकायची, असं थोडंच आहे? तात्याने दोन्ही जोड्या खाली आणल्या. एकीला फळी जुंपली, तिच्यावर गोणपाटाची घडी ठेवून काका दोन्ही गुडघ्यांवर बसला, दोर डाव्या हातात गुंडाळला. बैल निघाले तशी फळी पुढून उचलली.

“वजन!” तो ओरडला. “पोरं कुठं हायत?”

आम्ही आधीच धावत निघालो होतो.

मी त्याच्या खांद्याला धरून बसले.  पहिल्या वळणावर फळी कलली आणि आम्ही सगळे चिखलात. काका तोंडातून चिखल थुंकत परत चढला. दुसऱ्या वळणावर फक्त चुलतभाऊ पडला. दुपारपर्यंत कुणी पडेना, आणि आम्हाला जरा कंटाळाच आला. तात्याने एका जोडीने नांगर फिरवला, काकाने दुसऱ्या जोडीने मागून चिखल बसवला. घराघरातून उरलेलं रोप आलं. कुणाचं उशिरा पिकणारं गरवं, कुणाचं लवकर येणारं हळवं, कुणाचं लाल भाताचं. ते सगळं एकाच खाचरात गेलं, आणि त्या वर्षी त्याचं शेत ठिगळाठिगळाने पिकलं. एक तुकडा कापायला आला तरी शेजारचा हिरवा. कापणीला काकी आठवडाभर वैतागली होती, कारण रोज थोडं थोडं कापावं लागत होतं.

संध्याकाळी काकाचा गुडघा सुजून फणसासारखा झाला. काकी कढत पाण्याने शेकत होती आणि तोंडाने झोडपत होती. “हौस फिटली? आता चार दिस झोपून ऱ्हा.”

“उद्या तात्याकडे जायचं हाय,” काका म्हणाला.

“तात्याने बोलावलंय?”

 तात्याने बोलावलं नव्हतं. संध्याकाळी निघताना तो एवढंच म्हणाला होता की बांध आज घालून घेतो. फौजीला कामाला लावला म्हणून खालच्या गावात लोक नाव ठेवतील, ही भीती त्याच्या तोंडावर स्पष्ट होती. माणसं चांगली होती. त्यांच्या चांगुलपणातूनच वाट काढायची होती, आणि ते जास्त अवघड असतं. वाईटाविरुद्ध पत्रक काढता येतं.

सकाळी पाऊस बारीक होता. आम्ही पोरं ओट्यावर बसून वरच्या घराकडे बघत होतो. काका तयार होऊन बसला होता, गोणपाट मांडीवर. काकीही इरलं घेऊन थांबली होती, पण निघत नव्हती. वरून बैलांना हाकल्याचा आवाज आला, मग खाचरात नांगर उतरल्याचा. बोलावणं नाही. काका गोणपाटाची घडी उलगडत होता, परत घालत होता. न बोलावता सावडीला जायचं नसतं. बोलावणं यावं लागतं, हा नियम तो मोडणार नव्हता.

मग आत्या पायवाटेने उतरताना दिसली. ती अंगणात आली नाही. वाटेवरूनच तिने हाक दिली. फौजीसाहेब म्हणाली नाही. काकाच्या लहानपणचं, वाडीत सगळे त्याला चिडवायचे ते नाव घेऊन ओरडली, “ए, झोपलास काय रे? काल दिस घेतलास, आज तोंड लपवतंस? बैल उभे हायत तिकडं!”

काका इतक्या लगबगीने उठला की काठी विसरला. मी ती घेऊन मागून धावले.

तात्याचं खाचर मोठं. फळी फिरवायला अर्धा दिवस लागला. काकी, आई आणि बाकीच्या बाया मागून रोप लावत येत होत्या. आत्या गात होती. सुरुवातीला तात्या काकाकडे बघायचं टाळत होता. मध्येच थांबून विचारायचा, “जमतंय ना, साहेब?” काका नुसती मान हलवायचा. हळूहळू तो विचारायचा थांबला, कारण पाऊस वाढत होता, ओढा पुन्हा भरत होता आणि त्याला स्वतःच्या बांधाची चिंता लागली होती. फळी वरच्या कडेला गेली. तिथला कोपरा अरुंद आहे, बैल वळताना फळी उचलली जाते. काकाने तो तसाच सोडला आणि पुढे निघाला.

“अरे ए!” तात्या बांधावरून किंचाळला. बसलेल्या घशातून एवढा आवाज निघेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. “डोळं फुटलं काय तुझं? त्या कोपऱ्यात ढेकळं तशीच ऱ्हायली! तुझा बाप येऊन फिरवणार काय तिथं फळी?”

बायांची गाणी थांबली. काकी रोपाची मूठ हातात धरून वाकलेली होती, तशीच राहिली. तात्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

काकाने बैल थांबवले. गुडघ्यांवर बसल्या बसल्या मागे वळून त्याने कोपरा बघितला. ढेकळं खरंच राहिली होती.

“दिसलं, दिसलं,” तो म्हणाला. “बोंबलू नको.”

आणि आम्हाला घट्ट धरून बसायला सांगून त्याने फळी परत फिरवली.